अपघातग्रस्त जिप्सीची ड्राइव्हट्रेन दुसऱ्या जिप्सीत बसवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मारुती जिप्सीची सर्वसामान्य ग्राहकांसाठीची विक्री २०१९ च्या सुमारास बंद झाली, पण सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर आणि ताडोबासारख्या जंगलांच्या फाटकांपाशी तिची गर्दी अजून हटलेली नाही. जुन्या जिप्सीची चॅसिस बहुधा शाबूत असते आणि इंजिन मात्र थकलेले असते. उलट अपघातात बॉडी चेपलेली, पण इंजिन ठणठणीत असलेली एखादी जिप्सी भंगाराच्या भावात मिळून जाते. अशा दोन गाड्यांची एक गाडी करताना जे प्रश्न हमखास पुढे येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. कार्ब्युरेटरवर चालणारी एक जिप्सी आम्ही स्वतः अशा रीतीने एमपीएफआय (म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाखाली प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारी) करून घेतली. तो अनुभव या उत्तरांमागे आहे. सोयीसाठी अपघातातल्या गाडीला ‘देणारी’ आणि दुसरीला ‘घेणारी’ असे म्हटले आहे.

ड्राइव्हट्रेन म्हणजे नेमके काय काय?

इंजिनात तयार झालेली ताकद चाकांपर्यंत पोहोचवणारी सगळी साखळी म्हणजे ड्राइव्हट्रेन. जिप्सीत त्यात इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटून देणारा ट्रान्सफर केस, तीन प्रोपेलर शाफ्ट आणि पुढचा व मागचा असे दोन्ही ॲक्सल येतात. शाफ्ट तीन असण्याचे कारण असे, की जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसून त्याच्या मागे वेगळा टांगलेला असतो. त्यामुळे एक आखूड शाफ्ट या दोघांमध्ये असतो आणि उरलेले दोन पुढच्या व मागच्या ॲक्सलकडे जातात.

एमपीएफआय गाडीच्या बाबतीत मात्र ही यादी लोखंडावर संपत नाही. वायरिंगचा पूर्ण संच, ईसीएम (इंजिन चालवणारा छोटा संगणक), टाकी आणि तिच्यातला पंप, पेट्रोलच्या नळ्या, एक्झॉस्ट, रेडिएटर, मीटरचा संच, ॲक्सिलरेटरची केबल आणि किरकोळ वाटणारे वीस-पंचवीस ब्रॅकेट हे सारे त्याच साखळीचे भाग आहेत, कारण त्यांच्याविना इंजिन सुरू होत नाही किंवा सुरू झाले तरी नीट चालत नाही. म्हणूनच या कामात इंजिन विकत घेऊ नये, पूर्ण गाडी विकत घ्यावी, असे आमचे ठाम मत आहे.

कोणत्या जिप्सीची ड्राइव्हट्रेन कोणत्या जिप्सीला चालते?

भारतात जिप्सी १९८५ च्या अखेरीस आली. तेव्हा तिच्यात ९७० सीसीचे एफ१०ए इंजिन, चार गिअरचा बॉक्स आणि सुमारे ४५ बीएचपी ताकद होती. १९९३ मध्ये चाकांमधले अंतर वाढवलेली रुंद जिप्सी आली. मॉडेलच्या नावातला ‘डब्ल्यू’ (वाइड, म्हणजे रुंद) तिचाच. १९९६ मध्ये १२९८ सीसीचे जी१३बीए इंजिन आणि पाच गिअर आले, ताकद सुमारे ६० बीएचपी झाली. २००० मध्ये सोळा व्हॉल्व्हचे जी१३बीबी हे एमपीएफआय इंजिन आले आणि ताकद सुमारे ८० बीएचपीवर गेली.

१९९६ नंतरच्या कार्ब्युरेटर जिप्सीत २००० नंतरच्या जिप्सीचे सामान बसवणे हे यातले सर्वांत सुसह्य काम आहे. ९७० सीसीच्या गाडीतही ते बसते, परंतु फाउंडेशन (इंजिन चॅसिसवर ज्यांवर बसते ते रबरी आधार), गिअरबॉक्सचा आडवा पट्टा आणि शाफ्टच्या लांब्या यांवर अधिक मेहनत पडते. गाडी १९९३ पूर्वीची अरुंद असेल आणि ॲक्सलही बदलायचे असतील, तर चाके मडगार्डच्या बाहेर डोकावू लागतात. एमपीएफआय जिप्सीत दुसऱ्या एमपीएफआय जिप्सीचे सामान घालणे ही तर साधी अदलाबदल आहे, आणि ज्याला गाडी रोज रस्त्यावर चालवायची आहे त्याने तीच करावी. कारण पुढच्या उत्तरात आहे.

हे कायद्याने करता येते का?

काही मर्यादेत करता येते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा ठरेल असा कोणताही बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. बाद झालेल्या इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन बसवणे ही वेगळी गोष्ट आहे. तो बदल नोंदणी प्राधिकाऱ्याकडे नोंदवून घेता येतो. झालेल्या बदलाची माहिती चौदा दिवसांच्या आत नोंदणी प्रमाणपत्र आणि शुल्कासह कळवावी, असे हे कलम सांगते.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की एमपीएफआयच्या जागी एमपीएफआय हे प्रकरण सरळ आहे. १२९८ सीसी कार्ब्युरेटरच्या जागी १२९८ सीसी एमपीएफआय घातल्यास इंधन आणि घनक्षमता तीच राहते, पण इंजिनाचा प्रकार बदलतो. त्यामुळे मान्यता देणे वा न देणे हे प्राधिकाऱ्याच्या हातात राहते. ९७० सीसीच्या जागी १२९८ सीसी घातल्यास प्रमाणपत्रावरची घनक्षमताच बदलते, आणि सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत हे करू नये. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘सगळे असेच चालवतात’ हा युक्तिवाद गॅरेजमध्ये चालतो, अपघातानंतर विमा कंपनीपुढे चालत नाही.

आरटीओत नेमके काय करावे लागते?

आधी लेखी परवानगी घ्यावी आणि मगच गाडी उघडावी. कायदा चौदा दिवसांची मुदत देतो म्हणून आधी काम उरकून मग कागद घेऊन जाणारे पुष्कळ असतात; अर्ज नामंजूर झाल्यावर उतरवलेले जुने इंजिन पुन्हा शोधत फिरण्याची पाळी त्यांच्यावर येते. अर्जासोबत दोन्ही गाड्यांची नोंदणी प्रमाणपत्रे, देणाऱ्या गाडीच्या खरेदीची पावती, विमा आणि पीयूसी जोडावे. घेणाऱ्या गाडीवर कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे संमतिपत्र लागते.

काम झाल्यावर निरीक्षक गाडी पाहतात, चॅसिस आणि इंजिनाच्या क्रमांकांवर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतली जाते, आणि नवा इंजिन क्रमांक प्रमाणपत्रावर चढतो. छाप घेण्यापूर्वी क्रमांकाची जागा डिझेल आणि तारेच्या ब्रशने स्वतः साफ करून ठेवावी. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर त्या जागेच्या जवळपासही नेऊ नये, कारण घासलेला क्रमांक पाहिला की पुढचे सगळे बोलणे संशयाच्या सुरात होते. त्यानंतर विमा पॉलिसीवरही नवा इंजिन क्रमांक चढवून घ्यावा. हे बहुतेक जण विसरतात.

अपघातग्रस्त गाडी घेताना पहिल्यांदा काय पाहावे?

कागद. चॅसिसवरचा आणि इंजिनावरचा क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी पाहून प्रमाणपत्राशी ताडून घ्यावा. दुरुस्तीचा खर्च घोषित विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांपेक्षा अधिक झाला की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते आणि तिचा सांगाडा विकला जातो. अशा गाडीसोबत कंपनीची आणि मूळ मालकाची कागदपत्रे आली पाहिजेत. अपघातात कुणी दगावले वा जखमी झाले असेल, तर गाडी पोलिसांच्या मुद्देमालात असू शकते, आणि ती मोकळी झाल्याचा आदेश पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. लष्कराच्या लिलावातून आलेल्या जिप्स्यांचे इंजिन अनेकदा चांगले असते, पण लिलावाचा कागद मधल्या तीन-चार हातांत गहाळ झालेला असतो. अशा वेळी मोह आवरावा.

कोणत्या प्रकारच्या अपघातातली गाडी घ्यावी?

मागून धडक बसलेली गाडी सर्वांत चांगली. तिचे इंजिन, रेडिएटर, गिअरबॉक्स आणि पुढचा ॲक्सल यांना बहुधा धक्का पोहोचलेला नसतो. मागचा ॲक्सल, मागचा शाफ्ट आणि टाकी मात्र नीट तपासावी लागते.

समोरून धडक बसलेल्या गाडीत रेडिएटर आणि पंखा गेलेला दिसतोच, पण न दिसणारे नुकसान पुढे असते. क्रँकची पुली वाकलेली असू शकते, फाउंडेशनचे कान तुटलेले असू शकतात, आणि इंजिन मागे ढकलले गेल्याने गिअरबॉक्सच्या घंटेच्या आकाराच्या हौजिंगला केसासारखी बारीक चीर गेलेली असू शकते. ती चीर शोधण्यासाठी हौजिंग पेट्रोलने धुऊन कोरडे करावे, त्यावर खडूची पूड चोळावी आणि तासाभराने पाहावे. चिरेत अडकलेले तेल पुडीत ओल्या रेषेसारखे उमटते. पेट्रोल वापरताना आसपास विडी-काडी नसावी, हे सांगायला नको, तरी सांगतो.

उलटलेली गाडी फसवी असते. बॉडी सपाट झालेली असते आणि इंजिन बाहेरून अगदी नवेकोरे दिसते. गाडी उलटी पडल्यावर सम्पमधले (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातले) तेल सिलिंडरमध्ये आणि इनटेकमध्ये उतरते. त्या अवस्थेत थेट सेल्फ मारला तर पिस्टनवर साठलेले तेल दाबले न गेल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून चारही स्पार्क प्लग काढून, क्रँकच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने दोन-तीन फेरे फिरवावे आणि प्लगच्या भोकांतून तेल बाहेर येते का ते पाहावे. याहून वाईट प्रकार म्हणजे गाडी उलटल्यावरही इंजिन चालूच राहिलेले असणे. तेव्हा तेलाचा दाब शून्य असतो आणि अर्ध्या मिनिटात बेअरिंगांवर ओरखडे पडतात. हे कोणताही विक्रेता सांगत नाही, म्हणून उलटलेल्या गाडीचा सम्प उघडून निदान एक बेअरिंग कॅप तरी पाहावी.

पुरात बुडालेल्या गाडीचे काय?

घेऊ नये. २६ जुलै २००५ नंतर मुंबईत आणि जुलै २०२१ नंतर चिपळूणमध्ये पाण्याखाली गेलेल्या गाड्या शेकड्यांनी होत्या. पुराच्या गाळात इंजिनापेक्षा वायरिंग आणि ईसीएम आधी मरतात, आणि या कामात तीच दोन सर्वांत मोलाची असतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा. रिळाच्या आतल्या टोकाला मातकट रेघ असेल तर गाडी बुडालेली आहे.

इंजिन चांगले आहे हे कसे ओळखावे?

शक्य असेल तर ते देणाऱ्या गाडीतच सुरू करून पाहावे, कारण त्या एका कृतीत इंजिन, पंप, ईसीएम आणि वायरिंग यांची एकदमच परीक्षा होते. त्यानंतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासावे : इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पेट्रोलचा पुरवठा बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी पूर्ण भरलेली. या इंजिनाचे चांगले कॉम्प्रेशन प्रति चौरस सेंटिमीटर १४ किलोच्या आसपास असते; १२ किलोच्या खाली गेले तर काम निघाले असे समजावे. सिलिंडरांमधला फरक १ किलोपेक्षा जास्त नसावा. आकडा कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा आहे.

बाजारातून सुटे इंजिन आणि गिअरबॉक्स घेतले तर स्वस्त पडत नाही का?

पहिल्या दिवशी पडते. मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात इंजिन, गिअरबॉक्स, अल्टरनेटर सगळे सुटे मिळते, आणि तिथले जाणकार दुकानदार नुसत्या कास्टिंगवरून इंजिनाचे साल सांगतात. पण सुट्या इंजिनासोबत वायरिंग मुळाशी कापलेले येते, सेन्सरांचे प्लग तुटलेले असतात, ॲक्सिलरेटर केबलचा ब्रॅकेट नसतो, आणि ईसीएम दुसऱ्याच सालाचा गळ्यात मारला जातो. मग एकेका ब्रॅकेटसाठी फेऱ्या सुरू होतात. आमच्या कामात अल्टरनेटरचा पट्टा ताणणारी बोटभर लांबीची पट्टी हरवली होती. ती लेथवाल्याकडून करून घेतली आणि तिने तीन पट्टे खाल्ले, कारण पुली दोन मिलिमीटर पुढे बसत होती. शिवाय सुट्या इंजिनाचा मूळ मालक कोण हे सिद्ध करणारा कागद बहुतेक वेळा नसतो, आणि आरटीओत पहिला प्रश्न तोच येतो.

उतरवण्यापूर्वी काय तयारी करावी?

भरपूर फोटो काढावेत. आणि एवढे पुरेसे आहेत असे वाटल्यावर तितकेच आणखी काढावेत. प्रत्येक प्लगला आणि व्हॅक्यूमच्या प्रत्येक नळीला मास्किंग टेपची चिठ्ठी लावून दोन्ही टोकांवर एकच आकडा लिहावा. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही फ्लँजवर (बोल्टने जोडलेल्या चकत्यांवर) उघडण्याआधी छिन्नीने एकेक खूण करावी, कारण खडूची खूण धुण्यात निघून जाते. नट-बोल्ट ज्या भागाचे असतील त्याच भागात पुन्हा सैल अडकवून ठेवावेत. मिस्त्री याला वेळखाऊ म्हणतात, पण जोडणीच्या दिवशी तेच आधी खूश होतात.

वायरिंग कापून जुन्या वायरिंगला जोडले तर चालते का?

चालते, आणि पहिल्या पावसाळ्यापर्यंतच चालते. एमपीएफआयचे सेन्सर व्होल्टच्या अगदी लहान फरकांवर चालतात. पिळून टेप गुंडाळलेला सांधा ओलसर झाला की तो फरक बिघडतो, आणि मग गाडी घाटात मध्येच कण्हू लागते व गॅरेजमध्ये नेली की शहाण्यासारखी वागते. देणाऱ्या गाडीचे इंजिनाचे वायरिंग फ्यूज बॉक्स, रिले, इग्निशन स्विच आणि ईसीएमसकट एकही तार न कापता सलग काढावे आणि घेणाऱ्या गाडीत सलगच घालावे. फायरवॉलचे (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याचे) भोक लहान पडले तर भोक मोठे करावे, प्लग कापू नये. पत्र्याच्या कडेवर रबरी ग्रोमेट मात्र न विसरता बसवावा. दिवे, हॉर्न आणि वायपर यांचे जुने वायरिंग वेगळे ठेवता येते. दोघांची गाठ फक्त बॅटरी, इग्निशन आणि अर्थ या तीन ठिकाणी पडावी.

ईसीएमला गाडीचा वेगही कळावा लागतो, म्हणून मीटरचा संच देणाऱ्या गाडीचाच लावावा. चोरीरोधक किल्लीची व्यवस्था असलेल्या गाड्यांमध्ये किल्ली, कुलुपाभोवतीचे कडे आणि ईसीएम यांची जोडी एकमेकांना ओळखते. तिथे किल्ली हरवलेली गाडी घेणे म्हणजे ईसीएमविना गाडी घेणे होय.

जुनी टाकी ठेवली तर?

ठेवू नये. कार्ब्युरेटरच्या यांत्रिक पंपाचा दाब चौरस सेंटिमीटरला पाव-अर्धा किलोच्या आत असतो, तर एमपीएफआयला अडीच ते तीन किलो लागतो. जुन्या रबरी नळ्या तो दाब सोसत नाहीत, आणि फुटलेल्या नळीतून पेट्रोलची चिळकांडी थेट तापलेल्या एक्झॉस्टवर जाते. जुन्या टाकीत बाहेरून पंप जोडून भागवणारेही आहेत. सपाट रस्त्यावर ते निभते, पण चढावर टाकी अर्धी असताना पेट्रोल मागे सरकले की पंप हवा ओढतो आणि इंजिन बंद पडते. एमपीएफआय टाकीत पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवण्याची सोय असते. टाकी, पंप, जाणारी नळी, परत येणारी नळी आणि फिल्टर हे सगळे एकत्रच हलवावे, आणि जोडांवर जास्त दाबाच्या नळ्या व त्यांचेच क्लिप वापरावेत.

इंजिन बाहेर असताना काय काय बदलून घ्यावे?

टायमिंग बेल्ट आणि त्याचा टेन्शनर, पाण्याचा पंप, क्रँकच्या पुढच्या आणि मागच्या ऑइल सील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधले छोटे पायलट बेअरिंग. मागची सील दिसायला फालतू वाटते, पण पुढे गळू लागली तर तिच्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ दर्जाचे आणि दोन्ही डिफरन्शियलमध्ये जीएल-५ दर्जाचे तेल घालावे. सगळीकडे एकच डबा ओतण्याची सवय गिअरबॉक्समधल्या पितळी कड्यांना महागात पडते.

फाउंडेशन जुळत नसतील तर?

आधी इंजिन आणि गिअरबॉक्स चेन पुलीवर टांगून जागेवर धरावेत, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांचे फ्लँज एकमेकांना समांतर आणावेत, आणि मग पुढे पंखा व रेडिएटर यांच्यात किती अंतर उरते ते पाहावे. त्यानंतर पुढच्या ॲक्सलखाली जॅक लावून तो बंप स्टॉपला (ॲक्सलची वरची हद्द ठरवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत उचलावा आणि डिफरन्शियलचा गोळा सम्पला लागत नाही याची खात्री करावी. उभ्या गाडीत चार बोटे दिसणारी जागा मोठ्या खड्ड्यात शून्य होते, आणि हे मोजमाप टाळणाऱ्याचा सम्प पहिल्याच ट्रेकला फुटतो.

ब्रॅकेट आधी फक्त टाचून घ्यावेत, इंजिन पुन्हा बाहेर काढावे आणि मगच पूर्ण वेल्डिंग करावे. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची दोन्ही टोके आणि ईसीएमचे प्लग काढून ठेवावेत. चॅसिस क्रमांकाच्या जवळ वेल्डिंग करू नये.

गाडी जोडल्यावर साठच्या वेगाला थरथरते, ते का?

बहुधा शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉसचा सांधा धरणारे काटे) एका रेषेत नाहीत. शाफ्ट मधल्या सरकत्या जोडातून सुटा झाला आणि एक दात इकडे-तिकडे बसला, की दोन्ही क्रॉस एकमेकांचा झटका खोडून काढण्याऐवजी त्यात भर घालतात. उघडताना केलेली छिन्नीची खूण येथे उपयोगी पडते. योक रेषेत असूनही थरथर राहिली तर फ्लँजचे कोन मोजावेत, आणि शाफ्टची लांबी बदलून घेतली असेल तर त्याचे बॅलन्सिंग करून घ्यावे.

ॲक्सल बदलणे आवश्यक आहे का?

इंजिन आणि गिअरबॉक्स बदलूनही जुने ॲक्सल ठेवता येतात, फक्त दोन्ही एकाच गुणोत्तराचे हवेत. पुढचा एका गाडीचा आणि मागचा दुसऱ्या गाडीचा असे झाले आणि गुणोत्तरे वेगळी निघाली, तर फोर व्हील टाकताच पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात व सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो.

गुणोत्तर मोजणे सोपे आहे. गिअर आणि ट्रान्सफर केस दोन्ही न्यूट्रल करावेत, ॲक्सलचे एक चाक जमिनीवर ठेवून दुसरे उचलावे, शाफ्टवर आणि टायरवर खडूची रेघ मारावी आणि उचललेले चाक वीस पूर्ण फेरे फिरवावे. तेवढ्यात शाफ्टने घेतलेल्या फेऱ्यांना दहाने भागले की गुणोत्तर मिळते : ४१ फेरे झाले तर ४.१, ३९ झाले तर ३.९. पुढच्या ॲक्सलसाठी फ्री व्हीलिंग हब (पुढचे चाक ॲक्सलला जोडणाऱ्या-सोडणाऱ्या कळी) लॉक केलेले असले पाहिजेत, नाहीतर शाफ्ट फिरणारच नाही. जिप्सीच्या स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते; त्यामुळे ॲक्सलचे गुणोत्तर किंवा टायरचा आकार बदलला की काटा खोटे बोलू लागतो.

ब्रेक तेच ठेवावेत का?

देणाऱ्या गाडीचे मास्टर सिलिंडर, बूस्टर आणि पुढचे ब्रेक सोबत आणावेत. ताकद ६० वरून ८० बीएचपीवर जाते, आणि उतारावर त्या वीस बीएचपीचा हिशेब ब्रेकलाच चुकवावा लागतो.

पहिल्यांदा सुरू करताना काय काळजी घ्यावी?

स्पार्क प्लग काढून सेल्फवर इंजिन फिरवावे आणि तेलाचा दिवा विझेपर्यंत थांबावे. नंतर इग्निशन चालू करून पंपाचा दोन-तीन सेकंदांचा आवाज ऐकावा आणि प्रत्येक जोडावर हात फिरवून पेट्रोल झिरपत नाही ना हे पाहावे. जवळ अग्निशामक असावा.

आणि अर्थची पट्टी तपासावी. आम्ही सगळे जोडले, नारळही फोडला, आणि सेल्फ मारताच इंजिन कसेबसे अर्धा फेरा फिरले व डॅशबोर्डखालून धूर आला. इंजिन आणि चॅसिस यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची पट्टी लावायची राहिली होती; इंजिन रबरी फाउंडेशनवर असल्याने सेल्फचा सगळा प्रवाह परतीसाठी ॲक्सिलरेटरच्या केबलमधून गेला. केबलचे प्लास्टिक अस्तर वितळून आत चिकटले होते. इंजिन त्या क्षणी सुरू झाले असते, तर ॲक्सिलरेटर उघडाच राहिला असता.

गाडी तापते, काय करावे?

देणाऱ्या गाडीचा रेडिएटर, पंख्याचे आवरण आणि थर्मोस्टॅट बसवले असतील, तर बहुतेक वेळा दोष आत अडकलेल्या हवेचा असतो. गाडीचे नाक चढाकडे करावे, हीटर गरमवर ठेवावा आणि रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू करावे. बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहावे. हे इंजिन ॲल्युमिनियमचे आहे, त्यात नळाचे पाणी घालू नये.

पीयूसी मिळते का?

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे तिन्ही सोबत आणले असतील तर सहज मिळते. भारत स्टेज-२ या प्रदूषण-मानकापूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १,५०० पीपीएम आहे. स्टेज-२ आणि स्टेज-३ च्या गाड्यांना ती ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम अशी कडक झाली. नीट बसवलेले एमपीएफआय इंजिन या दुसऱ्या मर्यादेतही बसते. आवाज भारदस्त यावा म्हणून कन्व्हर्टर कापून पाइप टाकणाऱ्यांचे मात्र पीयूसी केंद्रावर हसे होते.

त्यापेक्षा डिझेल इंजिन का घालू नये?

कारण इंधन बदलते, आणि पेट्रोल म्हणून नोंदलेल्या गाडीत अपघाताच्या गाडीचे डिझेल इंजिन घालणे नियमात बसत नाही. शिवाय जड इंजिनाने पुढच्या स्प्रिंगच्या पाट्या बसतात. या विषयावर आम्ही एवढेच सांगू.

किती वेळ लागतो?

एक अनुभवी मिस्त्री, एक मदतनीस, चेन पुली आणि दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करण्याइतकी छपराखालची जागा असेल, तर यांत्रिक काम आठ-दहा दिवसांत होते. आम्हाला सात आठवडे लागले, त्यांतले पाच हरवलेल्या वस्तू शोधण्यात आणि कागदांत गेले. खर्चाचा अंदाज करताना देणाऱ्या गाडीच्या किमतीइतकीच रक्कम सील, क्लच, नळ्या, तेल, लेथ आणि वाहतूक यांच्यासाठी वेगळी ठेवावी. घेणारी गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल, तर नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर हाही खर्च त्यात धरावा.

उरलेल्या सांगाड्याचे काय करावे?

तो लगेच विकू नये. गाडी एक हजार किलोमीटर चालून तिचे सगळे बोल्ट एकदा पुन्हा आवळून होईपर्यंत सांगाडा अंगणात राहू द्यावा, कारण एखादा ब्रॅकेट किंवा क्लिप आणायला तिकडे निदान चार वेळा जावे लागते. त्यानंतर मात्र ती गाडी कायमची वापराबाहेर गेल्याचे कलम ५५ प्रमाणे नोंदणी प्राधिकाऱ्याला चौदा दिवसांत कळवून तिची नोंदणी रद्द करून घ्यावी. २०२१ च्या नियमांनुसार चालणाऱ्या नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात सांगाडा द्यायचा असेल, तर इंजिन काढलेली गाडी ते घेतात का हे आधी विचारून ठेवावे. चॅसिस क्रमांकाचा पत्रा कोणाही भंगारवाल्याच्या हाती लागू देऊ नये. तो क्रमांक उद्या चोरीच्या एखाद्या जिप्सीवर दिसला, तर पोलीस शेवटच्या मालकाच्या दारात येतात. घेणाऱ्या गाडीचे जुने इंजिन नवा क्रमांक प्रमाणपत्रावर छापून हातात येईपर्यंत विकू नये. आमचे अजून छपराखाली ताडपत्रीत गुंडाळलेले आहे, आणि त्याच्या कार्ब्युरेटरसाठी आतापर्यंत तिघांनी विचारणा केली आहे.